चार देशांतल्या चार पीएचडी विद्यार्थ्यांनी एकत्र संशोधन करायचं तर

प्रश्न असा आहे: "मी समाजशास्त्रात पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आईवडील कामासाठी दूर गेल्यावर मागे राहिलेल्या मुलांना कोण सांभाळतं, हा माझा विषय. कोर्सवर्कमध्ये संशोधन पद्धतीचा पेपर झाला, पण प्रश्नावली बनवणं, नमुना काढणं (म्हणजे कोणाकोणाला विचारायचं ते निवडणं) हे हाताने कधी केलेलं नाही. गाइड चांगल्या आहेत, त्यांच्याकडे वेळ नाही. एका ऑनलाइन अभ्यासक्रमात नेपाळ, बांगलादेश आणि टांझानियातले तिघे भेटले. तिघांचाही विषय हाच. आम्हाला मिळून काहीतरी करायचंय, पण पैसे नाहीत. दरम्यान युरोपातल्या एका प्राध्यापकांनी विचारलंय की आम्ही चौघांनी त्यांच्या प्रश्नावलीवर आपापल्या देशात मुलाखती घ्याव्यात, ते शोधनिबंधात आमची नावं घालतील. हे घ्यावं का? आणि शिकायचं कुठे?"

प्राध्यापकांच्या प्रस्तावापासून सुरुवात करते, कारण त्यांना उत्तर द्यायची घाई तुम्हाला असणार. लगेच नाही म्हणू नका. आधी त्यांना तीन गोष्टी लेखी विचारा. प्रश्नावलीत बदल करायचा अधिकार आम्हाला आहे का? जमलेली माहिती आमच्या प्रबंधात वापरता येईल का? विश्लेषण होईल तेव्हा आम्ही त्यात असू का? तिन्हींना हो आलं तर खुशाल करा, खूप शिकाल. पहिल्या दोहोंपैकी एकालाही नाही आलं तर ती नोकरी समजा. नोकरी करण्यात कमीपणा काही नाही, पण मग तिचा मोबदला घ्या. शोधनिबंधातलं सहावं-सातवं नाव म्हणजे मोबदला नव्हे.

बेनिनचे तत्त्वज्ञ पोलँ हुंतोंजी यांनी या व्यवहाराचं फार नेमकं वर्णन केलं होतं. वसाहतींतून कच्चा माल बाहेर जायचा आणि पक्का माल परत यायचा, ज्ञानाचंही तसंच चालतं, असं ते म्हणत. माहिती आपल्याकडे गोळा होते, सिद्धांत दुसरीकडे घडतो, आणि आपण तो विकत घेऊन आपल्याच माणसांना लावतो. यात भर अशी, की आपण विषयही बाहेरच्या वाचकाला काय लागेल ते बघून निवडायला लागतो. मलेशियाचे समाजशास्त्रज्ञ सय्यद हुसेन अलातास १९७०च्या दशकात 'बंदिवान मना'बद्दल लिहीत होते, ते हेच.

मी स्वतः उमेदीच्या वर्षांत अशा एका प्रकल्पात मुलाखती घेतल्या आहेत. प्रश्न होता, "मूल कोणत्या कुटुंबात राहतं?" पुढे एकच चौकट. एक आजी म्हणाली, "झोपतं माझ्यापाशी, जेवतं चुलतीकडे, शाळेची फी मामा भरतो आणि आजारी पडलं की आईला फोन जातो." चौकटीत मी 'आजी' लिहिलं आणि बाकी सगळं समासात, बारीक अक्षरात. अशा कितीतरी फॉर्मांचे समास भरले होते. फॉर्म गेले, माहिती संगणकात चढली, पण समासातल्या मजकुराला कोड नव्हता म्हणून तो तिथेच राहिला. निबंध छापून आला त्यात 'आजीने सांभाळलेली मुलं' अशी एक ओळ होती. ती चूक नव्हती, पण त्या आजीने जे सांगितलं होतं ते त्यात कुठेच नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक तरुण संशोधकाला विचारते, तुमच्या समासात काय आहे? तुमचा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच सापडतो. आणि तुम्हा चौघांच्या समासांत सारखं काय आहे आणि वेगळं काय, हा तुमच्या एकत्र कामाचा विषय आहे.

आता शिकायचं कुठे. बरीच वर्षं मी पाच-पाच दिवसांच्या कार्यशाळा घेतल्या. मुलं मन लावून बसायची, प्रतिगमन (रिग्रेशन) शिकायची, प्रमाणपत्र घेऊन जायची, आणि वर्षभराने भेटली की प्रबंध होता तिथेच. दोष मुलांचा नव्हता. पाच दिवसांत ऐकलेलं स्वतःच्या कामाला लावताना पहिली अडचण सहाव्या दिवशी येते, आणि सहाव्या दिवशी विचारायला कोणी नसतं. मग मी पद्धत बदलली. येताना दहा पानांचा कच्चा मसुदा आणायचा, व्याख्यानं कमी, आणि चार महिन्यांनी तीच माणसं, तेच मसुदे, पुन्हा भेट. दुसऱ्या भेटीत जे व्हायचं ते पहिल्या पाच दिवसांत कधीच झालं नव्हतं. "तू मागच्या वेळी म्हणालीस नमुन्यात फक्त शाळेत जाणारी मुलं आहेत, मग शाळा सोडलेल्यांचं काय केलंस?" हे मागच्या वेळी समोर बसलेलं माणूसच विचारू शकतं.

ही माझी शोधलेली युक्ती नाही. आफ्रिकेत ती मोठ्या प्रमाणावर करून दाखवली आहे. नैरोबीतला आफ्रिकन इकॉनॉमिक रिसर्च कन्सॉर्शियम, म्हणजे अर्थशास्त्रातल्या संशोधनाचा संघ, १९८८ साली सुरू झाला. तिथे संशोधकांच्या बैठका वर्षातून दोनदा होतात. तरुण अर्थशास्त्रज्ञ आधी प्रस्ताव मांडतो, त्यावर टीका होते, तो दुरुस्त करतो. पुढच्या एका बैठकीत अर्धवट काम मांडतो, पुन्हा टीका. मग अंतिम अहवाल. ऐकणाऱ्यांत इतर देशांतले त्याच्याच वयाचे संशोधक असतात आणि त्या विषयातले जाणते असतात. ज्या देशांत एखाद्या विद्यापीठाच्या विभागात जेमतेम तीन-चार प्राध्यापक होते, तिथल्या विद्यार्थ्याला यामुळे अख्ख्या खंडाचा विभाग मिळाला. एकेकट्या विद्यापीठाला परवडणार नाहीत असे ऐच्छिक विषय शिकवायलाही त्यांनी वेगवेगळ्या देशांतले एमएचे विद्यार्थी एकत्र आणले. आरोग्य आणि लोकसंख्या यांवर काम करणाऱ्यांसाठी पुढे कार्टा नावाचा संघ निघाला. त्यात पीएचडीच्या वाटेवर एकूण चार संयुक्त चर्चासत्रं असतात आणि एक तुकडी ती सोबत पार करते. या सगळ्याला पैसा लागला, आणि त्यातला बराचसा बाहेरच्या देणगीदारांकडून आला, हे खरं. पण त्यातला जो भाग उपयोगी पडतो, म्हणजे तेच चौघे, ठरलेल्या अंतराने, एकमेकांचं अर्धवट काम वाचताहेत, तो भाग तुम्ही फुकट करू शकता. गाइडला वेळ नाही ही उणीव याने बरीचशी भरून निघते. बाईंना तुमचा मसुदा तिघांनी वाचून झाल्यावर द्या. त्यांचा अर्धा तास मग शुद्धलेखनात जाणार नाही.

आता कामाच्या गाभ्याकडे येते, आणि इथे जरा रेंगाळणार आहे. तुमच्या पहिल्या भेटीत सिद्धांतावर चर्चा करू नका. प्रत्येकाने आपापल्या भाषेत एकच प्रश्न लिहून आणा: 'तुमच्या घरात किती माणसं आहेत?' आणि मग तो एकमेकांना समजावून सांगा.

मराठीत 'कुटुंब' म्हटलं की दुबईला गेलेला मुलगाही त्यात येतो, 'घर' म्हटलं की कदाचित येत नाही. बंगालीत सर्वेक्षणवाले 'खाना' म्हणतात. टांझानियात स्वाहिली 'काया' हा शब्द वापरतात. सर्वेक्षणाच्या भाषेत हे तिन्ही एकाच संकल्पनेचे अनुवाद मानले जातात. पण समोरच्या बाईच्या मनात प्रत्येक शब्दाने वेगळी माणसं मोजली जातात. भारताच्या जनगणनेची व्याख्या बघा: जी माणसं सहसा एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात ती, कामाच्या निकडीमुळे कोणाला तसं जमत नसेल तर तेवढा अपवाद धरून. त्या शेवटच्या तुकड्यात तुमचा अख्खा विषय दडलेला आहे, कारण कामाच्या निकडीमुळे न जमणारी माणसं म्हणजेच तुमच्या अभ्यासातले आईवडील. अनेक सर्वेक्षणांत सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर असलेला माणूस यादीतून गळतो. डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे या अनेक देशांत झालेल्या लोकसंख्या-आरोग्य सर्वेक्षणात नेहमीचे रहिवासी आणि आदल्या रात्री तिथे झोपलेले पाहुणे, दोन्ही नोंदतात. म्हणजे तीच आई एका तक्त्यात घरची आहे, दुसऱ्यात पाहुणी, आणि तिसऱ्यात ती नाहीच. नेपाळचा तुमचा सहकारी यात सगळ्यांच्या पुढे असेल. तिथल्या जनगणनेत परदेशी गेलेल्यांची वेगळी नोंद होते, आणि २०२१च्या जनगणनेत अशी सुमारे २२ लाख माणसं मोजली गेली. ज्या देशातून इतकी माणसं बाहेर आहेत त्याने मोजायची रीतही तशी घडवली आहे. ती रीत बाकीच्या तिघांनी त्याच्याकडून शिकावी. कुठल्याही परदेशी पाठ्यपुस्तकापेक्षा तुमच्या विषयाला ती जवळची आहे.

याचा फटका मी खाल्ला आहे. दोन देशांत मिळून केलेल्या आमच्या पहिल्या अभ्यासात 'घरचं माणूस' कोण हे दोन्ही गटांनी आपापल्या समजुतीने ठरवलं. मिळून सहाशेहून जास्त मुलाखती झाल्यावर तक्ते शेजारी ठेवले, तेव्हा एका देशात दूर गेलेल्या माता दुसऱ्याच्या तिप्पट निघाल्या. दोन दिवस आम्ही त्यावर स्पष्टीकरणं रचत बसलो. शेवटी एका मुलाखतकर्त्याने सांगितलं की आम्ही तर दिवाळखोर ठेकेदाराकडे अडकलेल्यांनाही घरचंच धरलं. ती मोजणी पुन्हा जुळवायला पाच महिने गेले, आणि काही प्रश्न कायमचे टाकून द्यावे लागले.

म्हणून प्रश्नावली अशी तपासा. एकाने मूळ प्रश्न आपल्या भाषेत आणायचा, आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाने तो परत इंग्रजीत न्यायचा. दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवली की फटी दिसतात. त्यानंतर पाच-सहा लोकांना प्रश्न विचारून लगेच विचारायचं, "हे ऐकल्यावर तुमच्या डोळ्यासमोर कोण कोण आलं?" हा दुसरा भाग बहुतेक जण वगळतात, आणि सगळ्यात जास्त शिकायला तिथेच मिळतं. 'काम' या शब्दाचंही असंच आहे. पहाटेपासून राबणारी बाई "तुम्ही काम करता का?" याला सरळ नाही म्हणते. आंतरराष्ट्रीय श्रम संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेने २०१३ साली कामाची व्याख्या रुंद केली, घरच्यांसाठी केलेलं विनामोबदला कामही 'काम' धरलं आणि रोजगार त्यापासून वेगळा केला. मुलांचा सांभाळ हा तुमचा विषय असेल तर ही व्याख्या चौघांनी नीट वाचा.

पैशांबद्दल. पहिल्या वर्षी एकही नवी मुलाखत घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. हाताशी आहे त्याचं आधी करा. इथिओपिया, भारत, पेरू आणि व्हिएतनाम या चार देशांतल्या सुमारे १२,००० मुलांचा मागोवा घेणाऱ्या यंग लाइव्ह्ज अभ्यासाची माहिती संशोधकांना मिळते. भारतासाठी इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हेच्या २००४-०५ आणि २०११-१२ या फेऱ्यांची माहिती आहे, आणि त्यात घराबाहेर राहणाऱ्या सदस्यांबद्दल वेगळे प्रश्न आहेत. टांझानियाच्या नॅशनल पॅनेल सर्व्हेत २००८ पासून तीच घरं पुन्हा पुन्हा गाठतात, घर सोडून गेलेल्यांच्याही मागे जातात. नेपाळच्या राहणीमान सर्वेक्षणाची पहिली फेरी १९९५-९६ची. चौघांनी आपापल्या देशाच्या एकेका सर्वेक्षणातून एकच तक्ता तयार करायचा: आई किंवा वडील दूर असलेली मुलं किती, आणि त्या सर्वेक्षणाने 'दूर' कशाला म्हटलं. एवढ्यावर चांगला पहिला शोधनिबंध होतो. विश्लेषणासाठी आर ही संगणकीय भाषा फुकट आहे. नंतर मुलाखती घ्यायच्या झाल्या तर उत्तरं नोंदवायला कोबोटूलबॉक्स किंवा सीएसप्रो या सॉफ्टवेअरने भागतं. महागड्या सॉफ्टवेअरची चोरीची प्रत वापरू नका. पुढे निबंधासोबत कोड द्यावा लागतो तेव्हा अडचण होते.

इथे एक सावधगिरी. डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे हा कार्यक्रम १९८४ पासून चालला होता, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने त्याचा निधी थांबवला. कित्येक देशांची माता-बालकांची आकडेवारी एकाच देणगीदारावर उभी होती हे त्या दिवशी सगळ्यांना जाणवलं. ज्या माहितीवर प्रबंध उभा करणार आहात ती नियमाने परवानगी घेऊन वेळेत उतरवून ठेवा, सोबतची प्रश्नावली आणि मुलाखतकर्त्यांची मार्गदर्शिकाही.

करार मात्र आजच लिहा. मैत्री आहे तोवर लिहावा. एक पान पुरे. आपल्या देशातली माहिती आपल्या प्रबंधात वापरायला कोणालाही इतरांची परवानगी लागणार नाही, हे पहिलं वाक्य असू द्या. कोणी मध्येच सोडून गेलं तर त्याच्या वाट्याच्या माहितीचं काय होईल हे लिहा. लेखकांचा क्रम निबंधागणिक फिरेल का, हेही. क्रेडिट नावाची एक यादी आहे, तिच्यात योगदानाच्या १४ भूमिका दिल्या आहेत: संकल्पना, माहिती गोळा करणं, विश्लेषण, पहिला मसुदा वगैरे. दर निबंधाआधी ती भरा आणि काम संपल्यावर पुन्हा भरा. मुलाखती घेणाऱ्या सहायकांचं नाव कुठे येणार हेही त्याच पानावर ठरवा. मी पाहिलेली बहुतेक सहकार्यं पैशांवरून मोडली नाहीत. "मला वाटलं होतं की" या चार शब्दांवरून मोडली.

आणि भाषा. चौघांचं बोलणं इंग्रजीत होणार. ज्याचं इंग्रजी सगळ्यांत सफाईदार तो नकळत गटाचा आवाज होतो, मसुदे तोच लिहितो, परिषदेत तोच बोलतो, आणि दोन वर्षांनी बाकीचे तिघे त्याला माहिती पुरवणारे झालेले असतात. जे युरोप आपल्याशी करतो म्हणून आपल्याला खुपतं, ते आपण आपसांत करून बसतो. हे टाळायला मी दोन नियम पाळते. टिप्पण्या भेटीच्या दोन दिवस आधी लेखी द्यायच्या, म्हणजे अडखळत बोलणाऱ्याचा मुद्दा हरवत नाही. आणि प्रत्येक देशाचा भाग त्या देशातल्या माणसानेच लिहायचा, इंग्रजी कितीही खडबडीत असलं तरी. भाषा नंतर सुधारता येते. जमल्यास एकमेकांच्या भाषेतले पन्नास शब्द शिका. बंगाली आणि नेपाळीतले तर तुम्हाला ओळखीचेच निघतील.

परवानग्यांकडे दुर्लक्ष करू नका. टांझानियात परदेशी संशोधकाला तिथल्या विज्ञान-तंत्रज्ञान आयोगाचा परवाना लागतो, तेव्हा तिथलं नेतृत्व तिथल्याच सहकाऱ्याकडे ठेवा. विषय मुलांचा आहे, म्हणून पालकाची संमती आणि मुलाचा होकार दोन्ही हवेत, आणि आईवडील दूर असताना 'पालक' कोण, हा प्रश्न नैतिक समितीपुढे तुम्हीच मांडा. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या मूळ रहिवासी लोकांनी २०१७ साली संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली: आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी, आणि ठरलेली प्रक्रिया पाळणं. ती छोटी आहे, चौघांनी मिळून वाचा. ज्यांच्यावर आजवर संशोधन झालं त्यांनी ती लिहिली आहे, म्हणून तिचं वजन माझ्या लेखी फार आहे.

छापायचं कुठे, यावर फार लिहीत नाही. आठ दिवसांत स्वीकारतो म्हणणारं आणि पैसे मागणारं जर्नल टाळा. नेपाळ आणि बांगलादेशातली जर्नलं नेपजॉल आणि बांग्लाजॉल या संकेतस्थळांवर सापडतात, आफ्रिकेतली एजॉलवर. लॅटिन अमेरिकेत सायेलो या तशाच संकेतस्थळावरची बरीच जर्नलं लेखकाकडून पैसे न घेता खुली छापली जातात. तिथल्या सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांनी १९६७ साली क्लॅक्सो ही परिषद उभी केली, आफ्रिकेत १९७३ साली सेनेगलमधल्या डाकारला कोडेस्रिया ही तशीच परिषद उभी राहिली. आपण एकमेकांना लंडन-पॅरिसच्या वळशाने न जाता थेट वाचावं, ही त्यामागची तळमळ होती. या दोन्हींच्या तरुण संशोधकांसाठीच्या घोषणांवर लक्ष ठेवा. लेखनासाठी जाणता सोबती हवा असेल तर ऑथरएड या संशोधकांना लेखनात मदत करणाऱ्या ऑनलाइन उपक्रमाकडे नोंदणी करा, ती मोफत आहे.

आणखी एक धोका युरोपातून येत नाही, घरातूनच येतो. काम चांगलं व्हायला लागलं की सल्लागारीची कामं येतील: तीन आठवड्यांत अहवाल द्या, प्रश्न आम्ही ठरवलाय. युगांडाच्या मकेरेरे विद्यापीठातली सामाजिक संशोधन संस्था चालवताना अभ्यासक महमूद ममदानी यांनी या सवयीवर कठोर टीका केली होती. सल्लागार दिलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधतो, संशोधक मुळात प्रश्न घडवतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी तिथे अभ्यासक्रमासह पूर्णवेळ पीएचडी सुरू केली. घर चालवायला अशी कामं घ्यावी लागतील, मीही घेतली. चौघांनी एवढं ठरवा की महिन्यातला एक ठरलेला दिवस त्या कामांना देणार नाही.

प्राध्यापकांना आज पत्र लिहा. आभार माना, वरचे तीन प्रश्न विचारा, आणि चौथी ओळ अशी घाला की आमच्या चार देशांत 'घरचं माणूस' वेगवेगळ्या रीतीने मोजलं जातं, त्यावर आम्ही एक टिपण तयार करतोय, आपण ते वाचाल का? उत्तर काय येतं त्यावरून त्यांना कोण हवंय ते कळेल. टिपणाला सहा आठवडे द्या. आणि पहिली भेट संपायच्या आत दुसरीची तारीख चौघांच्या वह्यांत लिहून घ्या, टांझानियाची वेळ तुमच्या अडीच तास मागे आहे हे धरून.